टेकडी आळीला पाणी का पोचत न्हवतं

टेकडी आळीच्या शेवटच्या नळापाशी त्या सकाळी आमी चौघं व्हतो. पाणीपुरवठ्याचे कुटे साहेब, फिटर रशीदभाई, ज्यांच्या दारात तो नळ हाय त्या शमीमभाभी, आन् मी. माझं नाव सुभद्रा, पण गावात त्या नावानं कुणी हाक मारत न्हाई. वॉलवाली मावशी म्हणत्यात.

नळाखाली कळशी ठेवलेली. नळ नुसता फुसफुस करत व्हता. हवा येत व्हती, पाणी न्हाई. अशी ही तिसरी पाळी कोरडी गेली. पाळी म्हंजे पाणी सोडायचा दिवस. त्या उन्हाळ्यात चार दिवसांनी एक पाळी व्हती, आन् ती पण पाऊण तासाची.

साहेबांनी इचारलं, "मावशी, वॉल पूर्ण उघडला होता ना?"

"पुरा. चौदा आटे. रशीदभाईंनी बी मोजले."

शमीमभाभी म्हणाल्या, "आटे मोजून माझी सासू आंघोळ करंल का?"

त्यांची सासू अंथरुणाला खिळलेली. तिचं सगळं जागेवर करायला लागायचं. प्यायचं पाणी टँकरनं यायचं, पण धुण्याला, अंघोळीला भाभी टेकडीच्या पायथ्याच्या आडावरनं कळशा आणायच्या. गुडघ्याला पट्टा बांधून. मी रोज बघत व्हते. त्यामुळं त्यांचं बोलणं मला लागलं न्हाई. पुढचं लागलं.

"साहेब, खालच्या मधल्या आळीत मावशीची लेक दिलीय. तिथं बघा नळ कसे धो धो चालत्यात. आमच्याकडं वारा."

साहेब माझ्याकडं न बघता म्हणाले, "अजून दोन पाळ्या देतो. दुसऱ्या पाळीला इथं पाणी आलं नाही तर चावी ऑफिसात जमा करा. मी दुसरा माणूस लावतो. तुम्ही ऑफिसात बसा, आल्यागेल्याला चहापाणी द्या."

माणूस वाईट न्हाई. तरणा हाय. वरनं त्येला पण बोलणी बसत व्हती.

चावी म्हंजे कुलपाची न्हवं. माझ्या छातीइतकी उंच लोखंडी दांडी असती, वर आडवा हात आन् खाली चौकोनी तोंड. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण काढायचं, दांडी आत वॉलवर बसवायची, आन् दोन्ही हातांनी फिरवायचं. एक पुरा फेरा म्हंजे एक आटा. आधी ते काम माझे मालक करायचे. ते काविळीनं गेले तवा लेक सहा वर्षांची व्हती. नगरपालिकेनं त्यांच्या जागी मला घेतलं. मी तिसरी शिकलेली, मला वाटलं झाडू देतील. पण वॉलवर माणूस न्हवता, म्हणून चावी दिली. पहिल्या महिन्यात हाताला फोड आले. बाई वॉल फिरवती म्हणून लोकं बघायला उभी ऱ्हायची. मग सवय झाली, त्यांना बी आन् मला बी.

मी खोटा वॉल कधी फिरवला न्हाई. पोटच्या लेकीसाठी बी न्हाई. म्हणून चावी अशी जाणार ह्ये मला सहन व्हईना. रिटायर व्हायला दीड वरीस राह्यलं व्हतं. तेवढं सरळ संपवायचं व्हतं.

आमचं गाव जुन्नर तालुक्यातलं, बाजाराचं. नाव लिहीत न्हाई, हाफिसातली लोकं रागावत्यात. त्या वर्षी पावसानं दगा दिला. धरणात तळ दिसायला लागला, आन् हाय त्यातलं धरणाखालच्या तालुक्यांना सोडायचं व्हतं. आमचं पाणी आधी रोज यायचं, मग दिवसाआड, मग चार दिवसांनी.

मधली आळी आन् टेकडी आळी एकाच लाईनवर हायत. पाणी आधी मधल्या आळीत जातं, मग चढ चढून टेकडीला. चढावर पाणी कवा जातं? खालचे नळ बंद झाले की. खाली लोकांचं भरून झालं, नळ बंद झाले, की लाईनीत जोर येतो, त्येला आमी प्रेशर म्हणतो, आन् मग वर धार लागती. म्हंजे वॉल माझ्या हातात हाय पण अर्धं काम मधल्या आळीच्या हातात हाय. त्यांचे नळ पाऊण तास बंदच व्हत न्हवते.

पहिली पाळी कोरडी गेली तवा साहेबांना वाटलं लोकांनी नळाला मोटरी लावल्यात. धाड घातली. दोन मोटरी सापडल्या, जप्त केल्या, त्यावरनं भांडणं झाली. दुसऱ्या पाळीला बी टेकडीला पाणी आलं न्हाई.

मग कुणीतरी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फोटू टाकला. पाणी सोडल्यावर मधल्या आळीचं गटार भरून वाहतंय. साहेब म्हणाले लिकेज हाय, खाली पाईप फुटलाय. रशीदभाईंनी दोन जागी खड्डा घेतला. हाताला माती लावून मला दाखवली. "मावशी, बघा. चुलीतली राख बी ह्याच्यापरीस ओली असंल. पाईप फुटला असता तर चिखल झाला असता."

मग गटारात पाणी येतंय कुठनं?

मला एक गोष्ट तवा ध्यानात आली. वॉल सोडल्यावर पहिली पंधरा मिंटं मधल्या आळीत काय चालतं ह्ये मी कधीच बघितलेलं न्हवतं. सोडताना मी चेंबरपाशी असते. मधली आळी सोडली की लगोलग बाजारपेठेचा वॉल बंद करायला जाते. परत येते तवर सगळं स्थिरावलेलं असतं. इतकी वर्सं हेच.

म्हणून दोनपैकी पहिल्या पाळीला मी रशीदभाईंच्या हातात चावी दिली. म्हणाले, "आज तुमी सोडा. मी गटारापाशी बसते."

ते म्हणाले, "गटारापाशी बसायचं वय झालं व्हय मावशी?"

मी मधल्या आळीत जाऊन एका पायरीवर बसले. गटार कोरडं ठणठणीत. नळाशी हंडे लागलेले. थोड्या वेळानं नळांनी आवाज केला आन् कुणीतरी हाळी दिली, आलं आलं. धार सुरू झाली. आन् मग माझ्यासमोर, एकामागं एक, मोऱ्यांच्या पायपातनं पाणी पडायला लागलं. भसाभसा. स्वच्छ पाणी. ना साबण, ना खरकटं. एका घराचं, मग शेजारच्या, मग समोरच्या. मी बोटावर मोजत गेले. अकरा मोऱ्या झाल्या आन् गटार वाहायला लागलं.

तेवढ्यात समोरच्या दारातनं माझ्या इहीनबाई भरलेला हंडा कंबरेवर घेऊन आल्या. लेकीच्या सासूबाई, गंगूबाई त्यांचं नाव. कुणाशी उंच आवाजात न बोलणारी बाई. म्हणाल्या, "इहीनबाई, पाय जरा वर घ्या. भिजतील." आन् हंडा माझ्या पायापाशी गटारात रिकामा केला.

मी म्हणाले, "ह्ये काय वं?"

"शिळं व्हतं," त्या म्हणाल्या. "चार दिवसांचं." आन् हंडा घासायला आत गेल्या.

ज्यांच्याकडं चोवीस तास नळाला पाणी असतं त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडं नळ आला की आधीचं भरलेलं पाणी शिळं झालं असं मानायची रीत हाय. शिळं पाणी देवाला चालत न्हाई, पावण्याला द्यायचं न्हाई. म्हणून ताजं आलं की जुनं ओतायचं, भांडं घासायचं, नवीन भरायचं. सासवा सुनांना हेच शिकवत्यात. त्यात आशाताईनं सांगितलेलं, डासांसाठी आठवड्यातनं एकदा भांडी कोरडी करा. लोकांनी तेवढंच ध्यानात ठेवलं, ते बी पाळीच्या दिवशी.

रोज पाणी यायचं तवा एखादी कळशी ओतली जायची. कळत न्हवतं. पण पाळी चार दिवसांवर गेली तशी लोकांनी पिंपं घेतली, ड्रम घेतले. चार दिवस जपून जपून वापरलं. पुढच्या पाळीला नळ आलाच न्हाई तर काय, म्हणून निम्मं तसंच राखून ठेवलं. आन् नळ आला की ते राखलेलं सगळं मोरीत. मग रिकामी पिंपं परत पहिल्यापासनं भरायची. नळ बंद व्हतीलच कसे? दुष्काळानंच ओतायचं पाणी वाढवलं व्हतं.

त्या पाळीला बी टेकडीला वारा आला. साहेबांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "असं कोण करेल? दुष्काळात? लोकं वेडी नाहीत मावशी." मग म्हणाले, "आता एकच पाळी राहिली."

घरी गेले. माझं घर दुसऱ्या लाईनवर, आमची पाळी दुसऱ्या दिवशी. सकाळी नळ आला. मी उठले, माठ उचलला, मोरीत ओतला, हंडा उचलला. निम्मा ओतल्यावर हात थांबला. मी बी तेच करत व्हते. तीस वर्सं पाणी सोडणारी बाई. कुणी बघितलं न्हाई. उरलेला निम्मा हंडा मी परत जागेवर ठेवला.

दुपारी मी इहीनबाईंकडं गेले. त्या आन् शेजारणी ओसरीवर गहू निवडत व्हत्या. मी पण सूप घेतलं. जरा वेळानं इषय काढला की त्या ओतलेल्या पाण्यानं टेकडीची दोन घरं भरली असती.

इहीनबाई हसल्या. "म्हंजे चार दिवसांचं पाणी देवाच्या तांब्यात घालू म्हणता?"

"देवाचा तांब्या ताजा भरा. पिंपाचं काय?"

"तुमी आण्याच्या, इहीनबाई. पठारावरल्या. तुमाला पाण्याची चव काय ठाऊक? आमच्या माहेरी, बोरीला, नदी व्हती."

सगळ्या हसल्या. मी पण हसले. खोटं न्हवतं ते. माझं माहेर आणे. लहानपणी आमी झऱ्यावर वाटीनं पाणी भरायचो, घरी यायला दुपार व्हायची. मी म्हणाले, "आमच्याकडं पाणी शिळं व्हायला टिकतच न्हवतं."

त्यावर इहीनबाईंनी माझ्याकडं नीट बघितलं. मग हळू आवाजात इचारलं, "आन् तुमच्या घरी? तुमी ओतत न्हाई?"

खोटं बोलता आलं असतं. शेजारणी ऐकत व्हत्या.

"आज सकाळीच ओतलं," मी म्हणाले. "माठ पुरा, हंडा निम्मा."

शेजारणींनी परत गहू निवडायला घेतले. मला कळलं, ह्यांना ओतू नका म्हणून उपेग न्हाई. त्या वेड्या न्हाईत. शिळं म्हंजे खराब ह्ये त्यांना पक्कं ठाऊक हाय. मग त्यांना ठाऊक नसलेलं दाखवायला पायजे.

मी इचारलं, "तुमचं ताजं पाणी कुठनं येतं, बघितलंय कुणी?"

"नळातनं," एक सून म्हणाली.

"उद्या चला माझ्यासंगं. टाकीवर."

साहेबांना इचारलं तर ते नको म्हणाले. बायका टाकीवर चढल्या, कुणी पडलं, तर जबाबदारी कुणाची? मी म्हणाले वर न्हाई, खालच्या हौदापाशी. जमिनीत बांधलेला हौद हाय, धरणाकडलं पाणी गाळून आधी त्यात येतं, मग मोटरीनं उंच टाकीत चढवत्यात. साहेब स्वतः आले, काही झालं तर असावं म्हणून. मधल्या आळीच्या चौदा बाया आल्या. शमीमभाभींना मी मुद्दाम बोलवलं न्हवतं, पण त्या बी आल्या आन् कडेला उभ्या राह्यल्या.

रशीदभाईंनी हौदाचं झाकण सरकवलं. बायांनी एकेक करून वाकून बघितलं. आत काळोख, आन् गप पाणी.

इहीनबाईंनी इचारलं, "ह्ये कवाचं?"

रशीदभाई म्हणाले, "तुमच्या मागच्या पाळीनंतर भरायला घेतलं. ह्यातनं वरच्या टाकीत जातं. सगळी टाकी भरायला दिवस लागत्यात, तवर पडून ऱ्हातं."

"म्हंजे आमच्या नळाला यायच्या आधी तीन दिवस पडून?"

"तीन, कधी चार."

इहीनबाई झाकणाच्या कडेला हात टेकून तशाच वाकलेल्या. मी म्हणाले, "आन् ह्याच्या आधी धरणात पडून व्हतं. धरणातलं कवाचं, तर मागच्या पावसाळ्याचं."

त्या सरळ झाल्या. पदरानं हात पुसले. म्हणाल्या, "मग आमी शिळं ओतून शिळंच भरत व्हतो की."

वाटलं झालं काम. झालं न्हवतं. ती सून म्हणाली, असलं शिळं पाणी पाजता व्हय लोकांना? दुसरी म्हणाली, ह्याचा फोटू काढा. गलका झाला. साहेबांचा चेहरा उतरला. माझ्याकडं बघितलं ते असं की आता चावीच काय, नोकरी बी घालवली म्हातारीनं.

मी रशीदभाईंकडनं तपासायची नळी घेतली. आमच्याकडं काचेची बारीक नळी असती. त्यात पाणी घ्यायचं, तपासायच्या रसायनाचे थेंब टाकायचे. पाण्यात जंतू मारायची पावडर शिल्लक असंल तर रंग पिवळा व्हतो. हौदाचं पाणी घेतलं, थेंब टाकले. पिवळं झालं.

"पाणी किती दिवसांचं ह्यावर खराब ठरत न्हाई," मी सांगितलं. "पिवळं झालं म्हंजे पावडरीचं औषध जिवंत हाय."

सुनेनं लगेच इचारलं, "आन् आमच्या घरातल्या चार दिवसांच्या पाण्याचं?"

पोरगी हुशार. मी खरं तेच सांगितलं. घरी तीनचार दिवसांनी औषध उडून जातं, रंग येणार न्हाई. झाकून ठेवलं, हात न घालता लांब दांड्याच्या वगराळ्यानं घेतलं तर ते बी प्यायला चालतं, मनात शंका असंल तर उकळा. आन् ज्याला प्यायचंच न्हाई त्यानं पिऊ नये. पण त्यानं भांडी इसळता येत्यात, फरशी पुसता येती, संडासात टाकता येतं, म्हशीला पाजता येतं. त्याचं सगळं काम व्हायचंय, आन् तुमी त्येला मोरीची वाट दाखवता. आणि त्या कामांना तुमी काय वापरता? नळाचं ताजं.

तवर शमीमभाभी पुढं आल्या. त्या ओरडतील असं मला वाटलं. त्या इहीनबाईंना म्हणाल्या, "काकू, ओतायचंच असंल तर मला बोलवत जा. मी हंडा घेऊन येते. मला शिळं चालतं."

टोमणा व्हता का खरंच म्हणत व्हत्या, मला कळलं न्हाई. इहीनबाईंनी मान खाली घातली. चौदा बायांत त्यानंतर कुणी फोटूचं नाव काढलं न्हाई.

ठरलं ते असं. ठरवलं इहीनबाईंनीच. देवाचा तांब्या आन् प्यायचा एक हंडा ताजा भरायचा. पिंपं ओतायची न्हाईत, वरनं भरून घ्यायची. ज्यांना जुनं वेगळं काढायचं त्यांनी दारात एक बादली न्हाईतर ड्रम ठेवायचा, फडकं बांधून, डास नकोत म्हणून. पिंप कोरडं करायचंच तर पाळीच्या आदल्या दिवशी, पाणी संपवून. भाजी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी बी त्याच बादलीत. अन् आपलं भरलं की नळ बंद.

दोन घरांनी ऐकलं न्हाई. एकीच्या सासऱ्यानं सांगितलं, आमच्या घरात असला कंजूसपणा चालणार न्हाई. म्हटलं राहू द्या.

शेवटच्या पाळीला मी वॉल सोडला. चौदा आटे. बाजारपेठेचा वॉल बंद करायला रशीदभाईंना धाडलं आन् मी मधल्या आळीतनं चालत टेकडीला निघाले. गटार कोरडं न्हवतं, पण वाहत बी न्हवतं. दोन मोऱ्यांखाली ओल व्हती. इहीनबाईंच्या दारात हिरवी बादली व्हती. वीस मिंटांत पहिला नळ बंद झालेला ऐकला. मग दुसरा.

वर शमीमभाभींच्या दारात साहेब आधीच येऊन उभे. नळ फुसफुसला. थांबला. परत फुसफुसला. कुणी कुणाकडं बघत न्हवतं. मग लालसर पाणी आलं थोडं, पाईपातल्या गंजाचं. मग करंगळीएवढी धार.

भाभींनी पहिली कळशी भरली ती आत सासूकडं नेली. बाहेर येऊन दुसरी लावली. वेळ संपेस्तवर सात कळशा झाल्या. त्या म्हणाल्या, "प्रेशर कमी हाय मावशी."

मी म्हणाले, "हाय खरं."

साहेबांनी चावी मागितली न्हाई. वर रिपोर्ट धाडला त्यात लिहिलं की मधल्या आळीतील लिकेज काढण्यात आले. मला वाचून दाखवलं. मी म्हणाले, बरोबर हाय साहेब. पुढच्या पाळ्यांना कधी सात कळशा, कधी नऊ, एकदा तीनच. कोरडी मातर गेली न्हाई. दीड वर्सानं मी चावी माझ्या हातानं रशीदभाईंना दिली.

मी काही मोठं काम केलं न्हाई. उलट चुकले. पाणी नळापर्यंत पोचवलं की आपलं काम संपलं असं समजत आले, आन् नळाच्या पुढं ते कुठं जातं ह्ये बघायला मला इतकी वर्सं लागली. पाईपात फुटलेलं सगळे शोधत्यात, मोरीतनं गेलेलं कुणी बघत न्हाई.

ह्ये वाचणाऱ्याला माझी एकच इनंती हाय. उद्या नळ आला की कालचं पाणी मोरीत ओतू नका. बादलीत ओता, झाका, आन् आधी ते संपवा. आन् आपलं भरलं की नळ बंद करा. तुमच्या पुढं बी कुणाची तरी कळशी लागलेली असती.